मधल्या भिंतीखालचा आड

पलीकडची कप्पी किरकिरली, बादली पाण्याला लागली, आणि गुणमालाने रोजच्यासारखं बारीक खाकरलं. त्या खाकरण्याचा अर्थ ठरलेला होता: मी आहे, एकटी आहे, बोल. मग भिंतीपलीकडून धाकट्या जावेने, सुंदरीने, तसंच खाकरायचं आणि दिवसाचं पहिलं बोलणं सुरू व्हायचं. आज सुंदरीची बादली वर गेली, पाणी घागरीत पडलं, बांगड्या वाजल्या, आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

“सुंदरा,” आडाच्या तोंडात वाकून गुणमाला हळूच म्हणाली, “रागावलीस व्हय गं?”

उत्तर नाही.

“काल मी ‘बरं’ म्हटलेलं ऐकलंस. ऐकलंसच असणार. आता चारचौघांत मी दुसरं काय म्हणणार हुते, तूच सांग.”

तरीही नाही. गुणमाला कंबर भरून येईपर्यंत तशीच वाकून राहिली, आणि कंबर भरून आली तसा तिलाही राग आला. इतक्या वर्षांत हिला कधी वाकडा शब्द बोलले नाही, आणि हिने एका ‘बरं’पायी तोंड फिरवावं? “बस मग तशीच,” असं आडाला सांगून ती पाण्याची घागर घेऊन आत गेली.

त्या ‘बरं’चं असं झालं होतं. आदल्या संध्याकाळी आर्जव, गुणमालाचा मुलगा, मिस्त्रीला घेऊन आडाजवळ उभा राहिला आणि शिरवळच्या कंपनीत चारचौघांशी बोलतो त्याच मोठ्या आवाजात म्हणाला की उद्या आड कायमचा बंद करायचा, वर सिमेंटची प्लेट टाकायची, प्लेटवर फरशी. मग आईकडे वळून म्हणाला, तुझी हरकत नाही ना? गुणमाला म्हणाली, बरं. तिच्या ‘बरं’ला या घरात कुणी कधी नीट तपासून बघितलं नव्हतं. ‘ऐकलं’ म्हणायचं असलं तरी ती ‘बरं’ म्हणायची, ‘नको’ म्हणायचं असलं तरी ‘बरं’च, आणि खरंच बरं वाटलं तर गप्प बसायची. हा फरक घरात कुणाला कळत नव्हता. कळत होता तो एकट्या सुंदरीला, आणि तिलाही भिंतीपलीकडून तो काल कळला नसावा, याचंच गुणमालाला वाईट वाटत होतं.

घर तसं खोडीलच. बांधणारा आजेसासरा मोठा हुशार माणूस आणि त्याहून मोठा भित्रा, त्यामुळे घरात जागोजागी त्याची हुशारी आणि भीती लपून बसलेली. माजघराची चौकट त्याने मुद्दाम बुटकी ठेवली, आत येणाऱ्याने वाकावं म्हणून. आर्जवच्या लग्नाची बोलणी करायला आलेले व्याही ताठ मानेने आले आणि कपाळाला टेंगूळ घेऊन बसले. माळ्याच्या जिन्याची एक पायरी त्याने इतरांपेक्षा उंच केली, चोर अडखळावा म्हणून. चोर कधी आला नाही, घरचेच पिढ्यान् पिढ्या अडखळत राहिले. पुढच्या दाराला त्याने कडी न लावता अडसर बसवला होता: भिंतीच्या पोटात दडलेला सागवानी वासा, तो ओढून पलीकडच्या भोकात सारला की दार म्हणजे भिंतच. आणि सोवळ्यातल्या बायकांना पाण्यासाठी घराबाहेर पाऊल टाकायला लागू नये म्हणून मागच्या सोप्यात, घराच्या आतच, आड खणला.

हे सगळं एका कुटुंबासाठी होतं. एकाची दोन झाली ती सासूबाईंच्या मरणावरून. शेवटच्या आजारात त्यांनी सल्लेखना घ्यायची म्हणून सांगितलं, हळूहळू अन्नपाणी सोडलं. थोरल्या मुलाने, म्हणजे गुणमालाच्या नवऱ्याने, पायगोंडाने, आईच्या पायावर डोकं ठेवून ते मान्य केलं. धाकट्या सम्मेदला बघवलं नाही. थोरला मंदिरात गेला असताना त्याने आईला उचलून गाडीत घातलं आणि सांगलीला नेऊन दवाखान्यात सलाईन लावलं. सासूबाई तिथेच गेल्या, हातात सुई असताना. ‘तू आईचं व्रत मोडलंस,’ हे पायगोंडाचं वाक्य, आणि ‘तू आईला तहानेनं मारणार हुतास,’ हे सम्मेदचं. या दोन वाक्यांनंतर भाऊ एकमेकांशी तिसरं वाक्य बोलले नाहीत. तेरावं झाल्यावर भिंत आली.

भिंत घराच्या बरोबर मधून काढली. जुनं पुढचं दार अडसरासकट सम्मेदकडे गेलं, पायगोंडाने स्वतःकडे नवीन दार काढलं. माजघरातलं जाण्यायेण्याचं मधलं दार विटांनी बुजवलं. आड मात्र ऐन भिंतीच्या रेषेत. तो कुणी कुणाला सोडेना, तेव्हा गवंड्याने आडाच्या तोंडावर आडवा दगड टाकून त्यावर भिंत चढवली. दोन्ही घरांना अर्ध्या भाकरीसारखं अर्धगोल तोंड मिळालं. वर भिंत, खाली पाणी एकच. आणि भिंत पाण्यापर्यंत पोचत नव्हती, ही गोष्ट पुरुषांच्या लक्षातच आली नाही, कारण पाणी ओढायला ते कधी गेले नाहीत.

पहिल्या सकाळी गुणमाला पाणी ओढताना स्वतःशीच रडत म्हणाली, “आता मी बोलू कुणाशी,” तेव्हा आडातून सुंदरीचा आवाज आला, “माझ्याशी बोला की अक्का.” गुणमालाच्या हातातली दोरी सुटली होती. त्या दिवसापासून ते चाललं होतं. गावात, लग्नात, मंदिरात दोघी एकमेकींकडे बघत नसत. मंदिरात तर दोघी भगवंताकडे इतक्या टक लावून बघायच्या की लोकांना त्यांची भक्ती वाटायची. घरी आडावर मात्र सगळं: आर्जवला पोरगी कुठली बघायची, सुंदरीचा मुलगा बंगळूरहून फोन का करत नाही, नवरे कुठल्या भाजीवर नाक मुरडतात. आणि आज हे सगळं एका सिमेंटच्या प्लेटखाली जाणार होतं, आणि गुणमालाला ‘नको’ म्हणायची सोय नव्हती, कारण ‘का नको’ याचं उत्तर तिला देता येत नव्हतं.

ऊन अंगणात उतरायच्या सुमाराला जोतीराम मिस्त्री आला. आटपाडीकडचा माणूस, बोलायला मोकळा, सामान उतरवता उतरवता म्हणाला, “ऊन तापायच्या आत प्लेट बसली पायजे, मामी. च्या मागनं पिऊ.”

सोप्यात सगळे जमले आणि पुन्हा तोच वाद सुरू झाला. ब्राह्मी, गुणमालाची मुलगी, आड बंद होणार हे ऐकून आदल्या रात्रीच मलकापूरहून आली होती. तिचं म्हणणं, लोखंडी जाळी बसवा, कुलूप लावा, आड कशाला मारता. आर्जव म्हणाला, नळाचं पाणी येतंय, आडाचं लागतं कधी, तर मुनिमहाराजांच्या आहाराला, ते मंदिराच्या विहिरीवरून आणता येईल. अंकिता, सून, सगळ्यांत कमी बोलत होती आणि तिचंच म्हणणं सगळ्यांत खरं होतं. परवा तिची पाठ फिरली तेवढ्यात बाळ रांगत आडाच्या काठाशी गेलं होतं आणि आत वाकून हसत होतं.

“जाळीला कुलूप लावायचं कुणी तरी विसरणारच ना, ताई,” ती ब्राह्मीला म्हणाली. “मी रात्री दोनदा उठून बघते, बाळ पाळण्यात आहे की नाही.”

यावर ब्राह्मीने जाळीचा हट्ट सोडला. गुणमालाला सुनेचा राग येईना. आपण तिच्या जागी असतो तर आपणही हेच केलं असतं, असं तिला वाटलं, आणि त्यामुळे तिची पंचाईत आणखीच वाढली.

पायगोंडा खुर्चीवर बसून होता. त्याला विचारलं तेव्हा त्याने भिंतीकडे न बघता सांगितलं, “झाकून टाका. त्या घरातलं भांडं वाजलं तरी हितं ऐकू येतंय.”

त्याचा शब्द शेवटचा. जोतीरामने आडाच्या तोंडाजवळचं सामान हलवायला सांगितलं. गुणमाला पुढे झाली. बादली काढली, दोर गुंडाळला, आणि खुंटीवरचा जिवाणीचा तांब्या हातात घेतला. तांब्याच्या वरच्या दोरीशिवाय त्याच्या बुडाच्या कडीलाही एक बारीक दोरी होती. ती दोरी बोटाला लागली आणि गुणमाला जागच्या जागी थांबली.

तिने पहाटे आपली जिवाणी सोडली होती. सुंदरीची सोडलेली ऐकली नव्हती.

पाणी गाळलं की गाळण्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते त्याच पाण्याने धुऊन तांब्यात घ्यायचे आणि ज्या आडाचे त्याच आडात परत पोचवायचे. वरून ओतायचे नाहीत. तांब्या पाण्याला टेकला की बुडाची दोरी ओढायची, मग तो अलगद उलटा होतो. तो टेकण्याचा आणि बुडबुडण्याचा आवाज गुणमाला रोज दोनदा ऐकायची, एक आपला, एक सुंदरीचा. पाणी ओढल्यावर लगेचच. आज सुंदरीने पाणी ओढलं होतं. त्यानंतर गुणमाला कंबर दुखेपर्यंत आडात डोकं घालून उभी होती, आणि तो आवाज आला नव्हता.

सुंदरी रागावली तर दिवस दिवस बोलणार नाही, जेवणार नाही. पण रागाच्या भरात गाळण्यावरचे जीव वाळवत ठेवणारी ती नव्हे. अंगात ताप असताना तिने जिवाणी सोडली होती, सासूबाईंचं पार्थिव घरी आणलं त्या सकाळीही सोडली होती. आपण गेल्यानंतर सोडली असेल, असं गुणमालाने मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना.

ती गुडघ्यावर बसली, अख्ख्या घरादेखत आडात डोकं घातलं आणि मोठ्याने हाक मारली, “सुंदरा! ए सुंदरा!”

मागे सगळं थांबलं. जोतीरामच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं.

“आई, काय करतेस?” आर्जव म्हणाला.

“सुंदरीनं जिवाणी सोडली न्हाई.”

“तुला कसं कळलं?”

“मी रोज ऐकते. आमी रोज बोलतो हितनं.” ती नवऱ्याकडे वळली. “भिंत घातली तवापास्नं बोलतोय. तुमाला रागवायचं ते मागनं रागवा. तिला कायतरी झालंय.”

पायगोंडा तिच्याकडे नुसता बघत राहिला. संसारात पहिल्यांदाच त्या बाईने त्याला सवडीने रागवायला सांगितलं होतं.

ब्राह्मी धावत येऊन आईशेजारी वाकली. अंकिताने बाळाला कडेवर घेऊन आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, त्याचा आवाज नको म्हणून. सगळे श्वास धरून राहिले. आधी नुसतं पाणी. मग पलीकडून, अगदी काठाजवळून, दगडावर काच घासल्यासारखा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

“बांगडी हाय ती,” गुणमाला म्हणाली.

आर्जव पळत घराला वळसा घालून पुढच्या बाजूला गेला. तिथून सम्मेदला फोन लावला. सम्मेद हळदीची पोती घेऊन पहाटेच सांगलीच्या मार्केट यार्डात गेला होता. त्याला आधी सौद्याच्या गोंगाटात ऐकूच येईना, आणि पुतण्याचा फोन इतक्या वर्षांनी का आला हेही कळेना. कळलं तेव्हा त्याचा आवाज बदलला. तो बाहेर पडला की सुंदरी पूजा होईपर्यंत दोन्ही दारं आतून लावते, म्हणाला, आणि मग नुसतंच, “बघ रं आर्जव, बघ रं,” म्हणत राहिला. आर्जवने दाराला खांदा देऊन पाहिला, मग लाथा घातल्या. आजेसासऱ्याचा अडसर जराही हलला नाही. मागचं दार लोखंडी पत्र्याचं, त्यालाही आतून कडी. छपरावरून कौलं काढून उतरावं, तर सम्मेदने गेल्या वर्षीच कौलं काढून स्लॅब टाकला होता.

“कुलपाचं दार असतं तर फोडलं असतं,” परत येऊन तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. “अडसर घातलाय. करवत आणायला लागंल.”

“करवतीला वेळ न्हाई,” जोतीराम म्हणाला. “आडातनं भिंतीखालनं पलीकडं जाता येतंय का बघू का?” त्याने आत वाकून पाहिलं आणि मान हलवली. शेवाळावर पाय ठरला नसता.

तेव्हा पायगोंडा खुर्चीवरून उठला. कुणाशी न बोलता तो माजघरात गेला आणि मोठ्या कपाटाला हात घालून म्हणाला, “ह्ये सरकवा.”

कपाट सरकलं. मागे गिलावा सारखाच दिसत होता, पण पायगोंडाने हाताचा पंजा टेकवत टेकवत एक जागा धरली. बाकीची भिंत दगडाची. इथे मधलं दार होतं, इथे नुसती वीट होती. बुजवायच्या दिवशी एक रांग त्याने या बाजूने लावली होती आणि एक सम्मेदने त्या बाजूने. एकाच दुपारी, एकमेकांची थापी ऐकत. तो जोतीरामकडे हात करून म्हणाला, “पहार दे.”

पहिले घाव त्यानेच घातले. सत्तरीचा माणूस, दोन घावांतच दमला, तेव्हा जोतीरामने पहार काढून घेतली. अलीकडची वीट सुटली. पलीकडची सुटली तेव्हा सम्मेदच्या घरातली डब्यांची मांडणी कोसळली, डाळतांदूळ सांडल्याचा आवाज झाला, आणि त्या गोंगाटातही पलीकडून माणसाचा आवाज आला नाही. गुणमालाला तेच सहन होईना. भगदाड पुरेसं मोठं व्हायच्या आतच ती त्यात शिरली. खांदा खरचटला, पदर फाटला, तिने लक्ष दिलं नाही.

सुंदरी आडाच्या काठाशी भिंतीला टेकून तिरकी बसली होती. सोवळ्याची साडी भिजून अंगाला चिकटलेली. एक हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, दुसऱ्या हाताची बांगडी ती दगडावर ओढत होती. शेजारी घागर, घागरीवर गाळणं, बाजूला जिवाणीचा तांब्या, दोरी अजून न सोडलेली. डोळे उघडे होते. गुणमालाला पाहून तिचं तोंड हललं, एका बाजूला ओढलं गेलं, आणि त्यातून आवाज निघाला तो शब्दाचा नव्हता.

गुणमालाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. इतकी वर्षं रोज ऐकलेली ही बाई आपण किती दिवसांत नीट पाहिलीच नाही, हे तिला तेव्हा समजलं. केस पार पांढरे झाले होते. हनुवटीवर एक डाग होता, तो तिला माहीत नव्हता. “बोलू नगंस,” ती म्हणाली, “मी आलेय. आता बोलू नगंस.” आणि पहाटेचं ‘बस मग तशीच’ तिच्या घशाशी आलं. सुंदरी खरोखर तशीच बसून राहिली होती, सगळं ऐकत. आपण राग गिळून आणखी एक हाक मारली असती तर हे तेव्हाच कळलं असतं. गुणमाला सुंदरीच्या भिजलेल्या केसांवर रडू लागली.

भगदाडातून पायगोंडा आत आला होता. भावाच्या घरात भिंत झाल्यापासून त्याने पाऊल टाकलं नव्हतं. त्याने भावजयीचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि मुलाला म्हणाला, “गाडी काढ. सांगलीला मोठ्या दवाखान्यात न्या. बघत काय बसलाय?”

दवाखाना हा शब्द त्याच्या तोंडून आला तेव्हा आर्जव आणि ब्राह्मी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आर्जवने अडसर ओढून आतून दार उघडलं, जोतीरामने आणि त्याने मिळून सुंदरीला चादरीवर उचललं. गुणमाला निघाली, पण तिची नजर गाळण्याकडे गेली आणि ती दारात घुटमळली.

बाळाला ब्राह्मीकडे देऊन अंकिता पुढे आली होती. “तुम्ही जा आई,” ती म्हणाली. “ते मी सोडते. वरून ओतायचं नाही ना?”

“न्हाई. पाण्याला टेकल्यावर खालची दोरी ओढ.”

“बरं,” अंकिता म्हणाली. जाताना गुणमालाने वळून पाहिलं, तर सून आडाच्या काठाशी गुडघे टेकून बसली होती आणि तिचा तोल जाऊ नये म्हणून जोतीराम परत येऊन तिच्यामागे उभा राहिला होता.

गाडीत सुंदरीचं डोकं गुणमालाच्या मांडीवर, पुढे पायगोंडा. कवठ्याचा फाटा आला. समोर बघतच तो म्हणाला, “इतकी वर्सं?”

“व्हय.”

“माझ्याबद्दल बी बोलत हुता?”

“मग आनि कुणाबद्दल बोलणार,” गुणमाला म्हणाली. आर्जव हॉर्न वाजवत होता आणि गुणमाला सुंदरीचा चांगला हात घट्ट धरून होती. तो हात तिला उलट दाबत होता, आणि दाब कमी झाला की तिचा जीव वरखाली होई.

दवाखान्यात तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे कधी झालं? पेशंट शेवटची नीट कधी होती, ते नक्की कळलं पाहिजे, त्यावर एक इंजेक्शन देता येतं की नाही ते ठरतं. मार्केट यार्डातून थेट आलेला सम्मेद दारात उभा होता, कपड्यांवर हळद, ओठ कोरडे. त्याला काहीच सांगता येईना. तो निघाला तेव्हा ती चांगली होती, एवढंच.

“मंदिरातली पहाटची घंटा झाली,” गुणमाला म्हणाली. “त्यानंतर तिनं पाणी ओढलं. तवा चांगली हुती, बादली एका दमात वर ओढली. जिवाणी सोडायच्या आधी झालं. मधी फार वेळ न्हाई.”

डॉक्टरला जिवाणी काय ते कळलं नाही, पण घंटा कळली. आर्जवने घंटेची वेळ सांगितली. डॉक्टरने घड्याळ पाहिलं आणि नर्सला हाक मारली. तुम्ही शेजारी होता का, असं त्याने जाता जाता विचारलं. गुणमाला म्हणाली, “व्हय, शेजारीच.”

दुपार कलताना त्यांना आत सोडलं. सुंदरीचा जीव वाचला होता. मेलेला हात जरासा हलत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की चालायला येईल, पण मेंदूतल्या वाचेच्या जागेला मार बसलाय. ऐकू येतंय, समजतंय, शब्द परत येतील की नाही ते आज सांगता येत नाही. कदाचित थोडे येतील. सुंदरीने गुणमालाकडे पाहिलं, तोंड हलवलं, आणि काय आलं ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण तिने लगेच डोळे मिटून घेतले.

पायगोंडा पलंगाच्या पायाशी उभा होता. सलाईनची नळी दुमडून सुंदरीच्या मनगटाखाली गेली होती. त्याने ती दोन बोटांनी सोडवून सरळ केली.

“सलाईन लावलंय, आण्णा,” सम्मेद म्हणाला. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेलं वाक्य, आणि ते त्याने चोरी पकडली गेल्यासारखं म्हटलं.

“लावू दे,” पायगोंडा म्हणाला. “लागंल तेवढं लावू दे.”

बाहेर व्हरांड्यात एकच बाक रिकामा होता. त्यावर दोघे भाऊ बसले, मधे माणूस मावेल एवढी जागा सोडून. आर्जव औषधं आणायला गेला. जाताना त्याने मिस्त्रीला फोन करून सांगितलेलं गुणमालाच्या कानावर आलं: प्लेट नको, जाळीचं माप घेऊन जा, अंकिताला विचारून कुलूप कुठं बसवायचं ते ठरव. तिला त्याचं बरं वाटलं, आणि लगेच मनात आलं, आता उघडा ठेवून तरी काय. आता भिंतीला भगदाड पडलंय, कुणाची चोरी नाही, दिवसभर बोलता येईल. आणि आता पलीकडून बोलणार कोण?

सम्मेद बराच वेळ हातावरची हळद चोळत होता. ती निघत नव्हती.

“वैनी,” तो खाली बघत म्हणाला, “ती काय बोलायची तुमच्याशी?”

गुणमालाने त्याच्याकडे पाहिलं.

“घरात न्हाई बोलायची. मी विचारलं तर ‘काय न्हाई’ म्हणायची. मला वाटायचं तिचा सभावच अबोल हाय. आता ती बोलंल का न्हाई ठावं न्हाई.” “आर्जव म्हणला, रोज बोलायची. काय बोलायची वो?”

सुंदरी अबोल! तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गुणमालाला बादली भरली हे सांगायलाही फट मिळायची नाही. काय सांगावं यातलं? तुमच्या घोरण्याची नक्कल करायची हे? तुम्ही नवी साडी आणलीत ती तिला आवडली नाही, पण तुम्ही एकट्याने दुकानात जाऊन निवडलीत म्हणून चार महिने तीच नेसायची हे? सगळं त्याचंच होतं, आणि आता ते सगळं एकट्या गुणमालापाशी उरलं होतं. तिला त्याचं ओझं वाटलं. तिने पायगोंडाकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, पण कान इकडे होते.

“आईंच्या तिथीला,” गुणमाला म्हणाली, “तुमी रानात डबा घिऊन जाता आनि तसाच गुरांना घालता, म्हणायची. दिवसभर पाणी सुदिक घेत न्हाई. कुणाला कळू नये म्हणून घरी आल्यावर जेवलो म्हणून सांगता. दर साली. त्ये सांगताना रडायची ती.”

सम्मेदने तोंडावर हात घेतला. हळद गालाला लागली.

पायगोंडा बाकावर सरकला, मधली जागा राहिली नाही, आणि त्याने आपला पंचा भावाच्या मांडीवर ठेवला. सम्मेदने तोंड पुसलं. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि सुंदरीचे डोळे पुन्हा उघडले होते. ती त्यांच्याकडेच बघत होती.

“आणिक?” सम्मेद म्हणाला. “आणिक काय बोलायची?”

गुणमाला दोघांच्या समोर खालीच फरशीवर बसली आणि आतल्या खोलीतही ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली.